धून कुणाची?

गेल्या वर्षी आमच्या शाळेत वृक्षारोपण झाले. मुलांनी खड्डे खणले, रोपे लावली आणि मी ते सारे मोबाइलवर टिपले. पाच मिनिटांची चित्रफीत तयार झाली. तिला संगीत हवे, म्हणून मी एका चित्रपटातील गाणे जोडले आणि ती इंटरनेटवर टाकली. दुसऱ्या दिवशी पाहतो तर काय, चित्रफीत मुकी! गाणे दुसऱ्याच्या मालकीचे होते, म्हणून आवाज बंद करण्यात आला होता. मुले हिरमुसली. मलाही राग आला; पण तो काढणार कुणावर? न विचारता गाणे मीच घेतले होते.

मग दुसरे संगीत शोधू लागलो. शोधता शोधता सीसीमिक्स्टर या संकेतस्थळाची ओळख झाली. 2001 साली अमेरिकेत क्रिएटिव्ह कॉमन्स ही संस्था स्थापन झाली. आपली कलाकृती इतरांनी कोणत्या अटींवर वापरावी, हे कलावंताला आधीच सांगता यावे, म्हणून तिने 2002 साली काही परवाने तयार केले. सीसीमिक्स्टर याच संस्थेने 2004 साली सुरू केले. तेथे एखादी गायिका नुसता आपला आवाज ठेवते. सोबत एकही वाद्य नाही. दूरदेशीचा कुणी त्या आवाजाला गिटारची साथ देतो. तिसरा त्याच आवाजाला वेगळाच ठेका जोडतो. हे लोक एकमेकांना कधी भेटलेलेही नसतात. पण कोणते गाणे कुणाच्या आवाजावरून, कुणाच्या सुरांवरून घडले, याची नोंद तेथे असते.

मुलांनो, हे वाचताना मला तरही मुशायरा आठवला. एक मिसरा सर्वांना दिला जातो आणि प्रत्येक शायर त्याच बहरमध्ये, त्याच काफिया-रदीफात आपली गझल लिहितो. मिसरा एक, गझला अनेक! त्याला कुणी चोरी म्हणत नाही. शिवाय मक्त्यात शायर आपला तखल्लुस गुंफतो. मग गझल कुठेही जावो, नाव तिच्याबरोबर जाते.

मी एक शांत धून निवडली. तिच्या परवान्यात एकच अट होती : वापरा, बदला, पण माझे नाव द्या. (काही परवान्यांत त्यातून पैसे कमावण्यास मनाई असते. तेही नीट वाचावे लागते.) चित्रफीत पुन्हा तयार केली आणि वर्गात दाखवली. टाळ्या वाजल्या. तेवढ्यात नाझनीनने हात वर केला.

"सर, मुलांची नावे आली, मुख्याध्यापकांचे आले, तुमचेही आले. धून कुणाची?"

मी गप्प झालो. फुकट मिळालेल्या त्या धुनेची एवढीच किंमत होती आणि तीही मी मोजली नव्हती.

शाळा सुटल्यावर आम्ही दोघे संगणकासमोर बसलो. नाझनीन ते परदेशी नाव एकेक अक्षर वाचत गेली, मी लिहीत गेलो. ते खरे नाव नव्हते, टोपणनाव होते. ती थोडा वेळ पडद्याकडे पाहत राहिली.

"सर, हा त्यांचा तखल्लुस का?"

मी हसून मान हलवली.