बंद दार आणि भावंडांची हाक

थोरांच्या चरित्रांत त्यांचे गुरू सापडतात, शिष्य सापडतात, विरोधकही सापडतात. भावंडे मात्र क्वचितच सापडतात. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ता या चौघांविषयी मराठी समीक्षेने विपुल लिहिले. पण ते लिहिताना प्रत्येकाची गाथा वेगळी केली, तत्त्वविचार वेगळा केला, अवतारकल्पना वेगळी केली. या विभागणीत चौघांचे भावंडपण तेवढे हरवले. ते पुन्हा दिसू लागण्यासाठी एखादी परकीय संहिता कामी यावी, यात नवल वाटण्यासारखे फारसे काही नाही. घरातली माणसे पुष्कळदा पाहुण्याच्या नजरेनेच नीट दिसतात.

जे. डी. सॅलिंजर यांची 'फ्रॅनी अँड झूई' ही कृती पुस्तकरूपाने १९६१ साली प्रसिद्ध झाली. न्यूयॉर्कमधील ग्लास कुटुंबात सात भावंडे. आईवडील रंगमंचावर नाचगाण्याचे कार्यक्रम करणारे. वडील ज्यू, आई आयरिश. सातही मुले असामान्य बुद्धीची, रेडिओवरील प्रश्नोत्तरांच्या कार्यक्रमातून लहानपणीच लोकांपुढे आलेली. थोरल्या सीमूरने आणि त्याच्या पाठच्या बडीने धाकट्या दोघांना अक्षरओळखीच्या वयातच जगभरच्या संतांची आणि तत्त्वज्ञांची ओळख करून दिली. पुढे सीमूरने आत्महत्या केली. त्यानंतर सात वर्षांनी वीस वर्षांची फ्रॅनी महाविद्यालयातून घरी येते आणि दिवाणखान्यातील कोचावर पडून अखंड नामस्मरण करू लागते. भोवतालच्या अहंकाराचा तिला वीट आला आहे. आईने आणलेले कोंबडीचे सूपही तिला नको आहे.

इस्लापूरसारख्या गावी बसून ही कृती वाचणाऱ्या वाचकाची कल्पना करावी. किनवट तालुक्यातील हे गाव. जवळच पैनगंगेचा सहस्रकुंड धबधबा, पलीकडे विदर्भ, रेल्वेची वाट आदिलाबादकडे. मराठीबरोबर तेलुगू, गोंडी आणि गोरमाटीही इथल्या कानांना परिचित. न्यूयॉर्कचे घर आणि तिथले नाट्यव्यवसायातील जीवन या वाचकाला दूरचे; पण विलक्षण कुटुंब ही गोष्ट त्याला दूरची नाही. शेजारच्या माहूरची रेणुका आणि परशुराम यांची कथा त्याने लहानपणापासून ऐकलेली असते. त्या कथेच्या महाभारतातील रूपात पित्याची भयंकर आज्ञा नाकारणारे भाऊ शापित होतात. आज्ञा पाळणारा परशुराम वर मागताना आईबरोबर त्या भावांचेही पूर्वपद मागून घेतो. लोकस्मृतीत आज्ञापालन ठळक राहिले. भावांसाठी मागितलेला वर पुसट झाला. नातेवाचक अर्थ असा पुसट होण्याची सवय आपल्या वाचनपरंपरेला जुनीच आहे.

अशा वाचकाला फ्रॅनीच्या कोचापाशी मुक्ताबाई आठवणे अपरिहार्य आहे. संन्यास घेऊन पुन्हा गृहस्थाश्रमात आलेल्या विठ्ठलपंतांची ही मुले. समाजाने वाळीत टाकलेली, परंपरेनुसार आईवडिलांच्या देहान्त प्रायश्चित्तानंतर पोरकी झालेली, शुद्धिपत्रासाठी पैठणला गेलेली. लोकांच्या वागण्याने व्यथित झालेले ज्ञानदेव ताटी लावून आत बसतात आणि धाकटी बहीण बाहेरून हाक मारते, ही ताटीच्या अभंगांमागील कथा सर्वश्रुत आहे. पहिली गोष्ट ध्यानात येते ती ही, की ताटीपाशी उभी राहते ती मुक्ता. निवृत्तिनाथ ज्ञानदेवांचे गुरू आहेत. पण या प्रसंगी गुरूचा अधिकार पुढे येत नाही, धाकट्या बहिणीचा हक्क पुढे येतो. आणि हा हक्क ती विलक्षण रीतीने बजावते. ती भावाच्या दुःखाची समजूत घालत बसत नाही. योग्याची, संताची जी कसोटी त्याची स्वतःची आहे, तीच ती त्याच्यापुढे ठेवते.

झूईला हे सहजी साधत नाही. तो पंचविशीतला, तल्लख, जिभेचा तिखट. प्रथम तो बहिणीशी वाद घालतो. त्याचे म्हणणे पुष्कळसे बरोबर असते आणि म्हणूनच ती अधिक रडते. बुद्धीने जिंकलेला वाद नात्यात हरतो, हे सॅलिंजर यांनी निर्दयपणे दाखविले आहे. मग झूई थोरल्या भावांच्या जुन्या खोलीत जातो. तिथे दाराच्या आतल्या बाजूस लावलेल्या फलकावर अनेक ग्रंथांतील वचने उतरवलेली असतात. त्यांत भगवद्गीता आहे, श्रीरामकृष्णही आहेत. ज्या गीतेवर नेवाशात शके १२१२ मध्ये टीका सिद्ध झाली, तीच गीता न्यूयॉर्कमधील या दारावर असावी, हा केवळ योगायोग म्हणून सोडता येत नाही. झूई बहिणीला जे सांगतो त्याचा गाभा निष्काम कर्माचाच आहे: तू अभिनेत्री आहेस, तर अभिनय कर, फळ तुझ्या हाती नाही.

पण हे सांगण्यासाठी तो दूरध्वनीवर बडीचा आवाज उसना घेतो. फ्रॅनी त्याला ओळखते. सोंग उतरल्यावरच खरे बोलणे सुरू होते आणि सीमूरने दोघांनाही वेगवेगळ्या वेळी सांगितलेली श्रोत्यांतील त्या लठ्ठ बाईची आठवण निघते. ती बाई दोघांनीही मनाशी जवळपास सारखीच रंगवली होती, हे कळते, तेव्हा फ्रॅनीचे बंद दार उघडते. ते तत्त्वज्ञानाने उघडत नाही, सामाईक आठवणीने उघडते. मुक्ताबाईंना उसन्या आवाजाची गरज पडली नाही, हा दोन संस्कृतींतील फरक नोंदवायला हवा. तिच्या परंपरेत धाकटीने थोरल्याला बोध करणे शक्य होते. झूईच्या जगात मात्र अधिकाराची जागा मृत भावाने रिकामी करून ठेवली होती.

येथे तुलनेची मर्यादाही मान्य केली पाहिजे. ज्ञानदेवांची समाधी आणि सीमूरचा मृत्यू एका मापाने मोजता येणार नाहीत. तरीही मागे राहिलेल्यांचा प्रश्न दोन्हीकडे उरतोच. सीमूरविषयी बडी वर्षानुवर्षे लिहीत राहतो. लिहिणे हीच त्याची भावंडांना एकत्र आणण्याची रीत आहे. इकडे शके १२१८ मध्ये ज्ञानदेवांनी आळंदीस समाधी घेतली, तेव्हा निवृत्तिनाथांना झालेला शोक नामदेवांनी समाधिवर्णनाच्या अभंगांत नोंदवून ठेवला. ज्ञानी गुरू तिथे थोरल्या भावासारखा रडतो. समीक्षेने हा शोक भक्तिरसाच्या खात्यात जमा केला. तो भावाचा शोक आहे, असे मात्र पुरेशा स्पष्टपणे म्हटले नाही.

चौघांची समाधिस्थाने आज चार ठिकाणी आहेत: त्र्यंबकेश्वर, आळंदी, सासवड आणि तापीकाठचे मेहूण. आषाढीला मात्र चौघांच्याही पालख्या पंढरपूरला निघतात, आणि वाटेत ज्ञानदेव व सोपानदेव यांच्या पालख्यांची भेट होते. वारकरी तिला 'बंधुभेट' म्हणतात. ग्रंथांनी ज्यांना वेगवेगळ्या गाथांमध्ये ठेवले, त्यांना निदान वर्षातून एकदा भाऊ म्हणण्याचे शहाणपण वारीने जपले आहे. समीक्षेला ते अजून शिकायचे आहे.