चित्राखालचे नाव

वंशसंहाराच्या स्मरणासाठी शाळेत चित्रकलेचा उपक्रम घ्यायचा, तर आधी तेरेझिनकडे पाहावे लागते. प्रागच्या उत्तरेकडच्या या तटबंदीच्या गावात नाझींनी ज्यूंना कोंडले होते. बाउहाउस या जर्मन कलाशाळेत योहानेस इटेन यांच्या हाताखाली शिकलेल्या फ्रीडल डिकर-ब्रँडाइस डिसेंबर १९४२मध्ये तिथे आणल्या गेल्या आणि त्यांनी मुलांचे चित्रकलेचे वर्ग सुरू केले. कागदाची टंचाई असे. मग कचेरीतल्या वापरलेल्या कागदांची कोरी बाजू चाले, रंगीत कपटे डकवून कोलाज होई. तालावर हात मोकळा करण्याचा सराव, फुलांचा अभ्यास, जुन्या चित्रकारांच्या रचना, असे रीतसर शिक्षण चाले. छळाची चित्रे काढून घेणे हा वर्गाचा हेतू नव्हता. आग्रह होता तो चित्रावर स्वतःचे नाव लिहिण्याचा, आणि तोही माणसाला तिथे आणताना दिलेल्या क्रमांकाने ओळखणाऱ्या जागी!

ऑक्टोबर १९४४मध्ये फ्रीडल यांना ऑशविट्झला नेऊन मारण्यात आले. मागे दोन सुटकेसमध्ये सुमारे साडेचार हजार चित्रे राहिली. ती आज प्रागच्या ज्यू संग्रहालयाकडे आहेत. काढणारी बहुतेक मुले मारली गेली, पण नावे असल्यामुळे कोणते चित्र कुणाचे ते सांगता येते.

पुढच्या काळातले शालेय उपक्रम आकड्याकडे वळले. अमेरिकेत टेनेसीतल्या व्हिटवेल गावच्या शाळेने १९९८पासून कागदाच्या क्लिपा जमवल्या, एका बळीसाठी एक. त्यातल्या १ कोटी १० लाख क्लिपा एका जर्मन मालडब्यात ठेवल्या आहेत. २०१३मध्ये वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉलवर वंशसंहारांतल्या बळींची आठवण म्हणून हाताने घडवलेली दहा लाख हाडे मांडली गेली. त्यांत शाळकरी मुलांनी केलेलीही होती. आकाराने माणूस हादरतो, हे खरे. पण क्लिप जमवणाऱ्या हाताला घडवण्यासारखे काही उरत नाही. हाड घडवताना निदान माती बोटांना लागते.

वर्गात सर्वांत वाईट सूचना म्हणजे ‘तुम्ही छावणीत आहात असे समजा आणि चित्र काढा’. वॉशिंग्टनचे होलोकॉस्ट संग्रहालयही शिक्षकांना असली सोंगे आणि छावण्यांच्या प्रतिकृती टाळायला सांगते. त्यापेक्षा मुलाने आधी स्वतःची ओळख मांडावी: घरची भाषा, आवडती वस्तू, आजीने ठेवलेले नाव. मग एका खऱ्या मुलाचे आयुष्य वाचावे आणि त्यानंतरच ब्रश उचलावा. ही चित्रे घाईने होत नाहीत. त्यांना गुण देऊ नयेत आणि स्पर्धा तर मुळीच लावू नये.