कॅसेटवरची खरखर

८ मे १९७७ ची रात्र. अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यातलं इथाका गाव. मे महिना असूनही त्या रात्री तिथे बर्फ पडला. कॉर्नेल विद्यापीठाच्या बार्टन हॉलमधून ‘ग्रेटफुल डेड’चा कार्यक्रम ऐकून पोरं बाहेर पडली, ती बर्फातच. त्यांतलं एक पोर आज सत्तरीला टेकलं आहे. गणिताचे मास्तर म्हणून निवृत्त झालेले हे गृहस्थ गेली चाळीसेक वर्षं ती एकच रात्र पुन्हा पुन्हा ऐकत आहेत.

त्यांच्याकडे त्या रात्रीच्या अकरा कॅसेटी आहेत. कुणाला हसू येईल. पण ज्यांच्या घरी भीमसेनांचा एकच राग चार मैफलींतला जपून ठेवलेला असतो, ते हसणार नाहीत. ‘ग्रेटफुल डेड’ ही १९६५ साली कॅलिफोर्नियात जमलेली मंडळी. रंगमंचावर त्यांचं गाणं कुठे जाईल याचा नेम नसे. ‘डार्क स्टार’ १९६८ च्या तबकडीवर पुरतं तीन मिनिटांचंही नाही. पुढच्याच वर्षी निघालेल्या मैफलीच्या रेकॉर्डवर ते तेवीस मिनिटं चालतं. त्यांचा तालवादक मिकी हार्ट उस्ताद अल्लारखाँकडे शिकलेला, तेव्हा आश्चर्य कसलं!

चाहत्यांनी ध्वनिमुद्रण करावं याला बँडची ना नव्हती. १९८४ पासून तर त्यांच्यासाठी सभागृहात वेगळी जागाच राखली जाऊ लागली. रिवाज एकच, विकायचं नाही. कोरी कॅसेट आणि टपालखर्च पाठवायचा, भरलेली कॅसेट परत यायची. कॉपीवरून कॉपी, तिच्यावरून आणखी एक. दर पिढीला खरखर वाढायची. ती ऐकून कॅसेट कितव्या पिढीची हे मास्तर सांगत आणि पेन्सिलीने डबीवर लिहीत. सहसा चुकत नसत.

कॉर्नेलचं सर्वांत स्वच्छ मुद्रण बँडच्याच बेटी कँटर-जॅक्सन यांनी केलेलं. त्यांच्या टेपा भाड्याच्या गोदामात पडून होत्या. भाडं थकलं आणि १९८६ मध्ये त्यांचा लिलाव झाला. पुढे त्यांच्या कॉपी फिरल्या. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने ही मैफल जतन करण्याजोग्या ध्वनिमुद्रणांच्या २०११ च्या यादीत घेतली आणि २०१७ मध्ये ती अधिकृतपणे बाजारात आली.

मास्तरांच्या धाकट्या भावाला हे कौतुक मान्य नाही. तो दुसऱ्या रात्री, ९ मेला, बफेलोला हजर होता. सुरुवातीलाच ‘हेल्प ऑन द वे’ घेणाऱ्यांशी कॉर्नेलची काय बरोबरी, हे त्याचं म्हणणं. त्यावर मास्तर ‘स्कार्लेट बिगोनियाज’मधून ‘फायर ऑन द माउंटन’मध्ये शिरतानाची जागा पुढे करतात. दर नाताळात हा वाद होतो. खरं सांगायचं तर दोघांचंही बरोबर आहे, पण ते त्यांना सांगणार कोण?

परवा मास्तरांनी सर्वांत जुनी कॅसेट लावली. प्रेक्षकांत बसून कुणीतरी टिपलेली, पाचव्या-सहाव्या पिढीची. त्यांना ती एकदम स्वच्छ वाटली. मुलगी शेजारीच होती. ती म्हणाली, “केवढी खरखर आहे ही!”

कानाच्या डॉक्टरांनी आलेख काढून दाखवला. वय झालं की वरच्या पट्टीतले आवाज आधी जातात, आणि खरखर नेमकी तिथलीच. यंत्र मिळालं. त्याने गिटार पत्र्याची वाटते म्हणून ते बहुधा खिशातच असतं. भावाला यातलं काही कळवलेलं नाही. नाताळात तो काय म्हणेल हे त्यांना माहीत आहे.

आता रविवारी मुलीच्या कानांवर हेडफोन असतो. ती खरखर सांगते, मास्तर पेन्सिलीचे जुने आकडे ताडून पाहतात. एकदा गाणं संपताच पोरांचा गलका उठला, तशी तिने टेप थांबवली.

“डॅड, यात तुमचा आवाज कुठला?”

“पुष्कळदा शोधला. नाही सापडला,” असं म्हणून त्यांनी कॅसेट उलटली.