बारा तासांचं टोकन

घरून काम सुरू केल्यापासून अब्बा रोज विचारतात, "उस काले पडदे पे दिनभर करता क्या है रे?"

कंपनीचं सॉफ्टवेअर लागणाऱ्या सगळ्या सामानासकट एका गाठोड्यात बांधलेलं असतं. त्याला इमेज म्हणतात, ती चालवली की कंटेनर. या इमेजा क्लाउडवरच्या खासगी रजिस्ट्रीत असतात. ओळख पटवल्याशिवाय तिथून काही उतरवता येत नाही.

आधीच्या नोकरीत त्यासाठी कायमचा पासवर्ड होता. 'डॉकर लॉगिन' लिहून पुढे तो सरळ टाइप करायचो. कमांड शेलच्या हिस्ट्रीत राहते, हे ठाऊक असूनही! शिवाय क्रेडेन्शियल हेल्पर लावला नसेल तर डॉकर पासवर्ड 'कॉन्फिग.जेसन' फाइलमध्ये ठेवतो. तिथली अगम्य अक्षरं पाहून मला वाटायचं, कुलूप आहे. ते बेस६४ निघालं, म्हणजे नुसता वेश बदललेला. एका कमांडीत मूळ पासवर्ड समोर. भाच्यानं कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी माझा लॅपटॉप घेतला आणि अख्खं होम फोल्डर पेनड्राइव्हवर भरून मित्राला दिलं. कळलं तेव्हा दोन दिवस उलटले होते. रात्रीच टीम लीडला फोन केला. तो पासवर्ड कुठकुठल्या मशीनवर आहे ते शोधून बदलण्यात आठवडा गेला. भाच्यावर उगाच ओरडलो. चूक माझी होती.

आता अ‍ॅमेझॉनची ईसीआर रजिस्ट्री वापरतो. 'गेट-लॉगिन-पासवर्ड' ही कमांड टोकन आणते आणि ते पाइपमधून, '--पासवर्ड-एसटीडीइन' लावून, थेट डॉकरला जातं. हिस्ट्रीत उमटत नाही. युजरनेम सगळ्यांचं एकच, 'एडब्ल्यूएस'. टोकन बारा तास चालतं. रमजानमध्ये तरावीहनंतर दहाला लॉगिन केलं की सकाळी दहाला पुन्हा दार बंद. वैताग येतो, पण झोप शांत लागते.

हे अब्बांना सांगितलं. ते रेल्वेत पॉइंट्समन होते. एकेरी मार्गावर ड्रायव्हरला टोकनचा गोळा मिळाल्याशिवाय गाडी पुढच्या स्टेशनकडे सोडत नसत. आमच्या होटगी जंक्शनवर नुसतं 'गोळा' म्हटलं तरी जुन्या माणसांना कळतं.

"मंग ये तो हमारा गोलाच है," अब्बा म्हणाले. "डायवर का नाम कौन पूछता था? गोला हाथ में है क्या, बस."

म्हटलं, अगदी तसंच. टोकन ज्याच्या हाती, त्याला दार उघडं.

"और गुम गया तो?"

"बारा तासांनी आपोआप मरतं."

"हमारा नहीं मरता था," अब्बा म्हणाले. "कंदील लेके पटरी पे ढूंडना पडता था."