हात पाण्यात किती वेळा जातात?

मैत्रिणींनो, तुमच्या-माझ्या नावाचा एक रोग आहे, हे ठाऊक आहे का तुम्हांला? जपानी लोक त्याला ‘शुफु शिश्शिन’ म्हणतात. शुफु म्हणजे गृहिणी आणि शिश्शिन म्हणजे इसब. गृहिणीचं इसब! डॉक्टरमंडळी कागदावर ‘हाताचं इसब’ असं लिहितात, पण बोलण्यात हे नाव अजून चालतं.

आम्ही चार वर्षं तोक्योच्या निशीकासाई भागात राहतो. इथे भारतीय वस्ती बरीच आहे. घर सांभाळून आठवड्यातले तीन दिवस मी मुलांना शिकवते. गेल्या हिवाळ्यात माझी बोटं आधी लाल झाली, मग कोरडी पडली आणि मग चिरलीच. इथली थंडी मोठी कोरडी. कणीक मळताना डोळ्यांत पाणी यायचं. एक दिवस वर्गात एक चिमुरडी म्हणाली, “टीचर, हे आम्हांला पण होईल का?” त्याच आठवड्यात मी ह्यांना बरोबर घेऊन त्वचारोगाचा दवाखाना गाठला. इथे त्याला ‘हिफुका’ म्हणतात.

परदेशात डॉक्टर म्हटलं की आधी खर्चाची धास्ती वाटते, नाही का? पण जपानमध्ये तीन महिन्यांहून अधिक राहायला आलेल्या परदेशी माणसालाही आरोग्यविमा घ्यावाच लागतो, एक तर नोकरीतून नाही तर वॉर्ड कचेरीतून. मग बिलाचे साधारण 30 टक्के आपण द्यायचे. डिसेंबर 2024 पासून जुनी विमाकार्डं नव्याने मिळत नाहीत. आता मायनंबर कार्ड किंवा विम्याचं प्रमाणपत्र दाखवायचं. छोट्या दवाखान्यात थेट जाता येतं. मात्र मोठ्या इस्पितळात डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय गेलात, तर ऑक्टोबर 2022 पासून पहिल्या भेटीला किमान 7,000 येन जादा पडतात.

आत गेल्यावर एक फॉर्म भरायचा. कधीपासून त्रास आहे, कुठली औषधं चालू आहेत, कशाची ॲलर्जी, दिवस आहेत का, बाळ अंगावर पितं का. माझं म्हणाल तर दोनच शब्द पाठ होते, ‘कायुई’ म्हणजे खाजतं आणि ‘इताई’ म्हणजे दुखतं. बाकीचं ह्यांनी सांगायचं ठरलं होतं.

डॉक्टरीणबाईंनी भिंगातून बोटं पाहिली आणि विचारलं, “दिवसातून किती वेळा हात पाण्यात जातात?” ह्यांनी मराठीत प्रश्न सांगितला. मी मोजायला लागले. सकाळचा चहा, डबे, तांदूळ धुणं, भाजी, ओटा, मुलाचे कपडे, संध्याकाळची कणीक, रात्रीची भांडी... आकडा अठ्ठावीसवर गेला. तो आकडा ह्यांनाच जपानीत सांगायचा होता. हे जरा थांबले, माझ्याकडे पाहिलं आणि मग सांगितला. बारा वर्षांच्या संसारात ही मोजदाद आमच्यात पहिल्यांदाच झाली!

वहिनींनी गावाहून पाठवलेली एक ट्यूब मी न उघडता बरोबर नेली होती. तीत स्टिरॉइड, बुरशीचं औषध आणि जंतुनाशक असं सगळं एकत्र. बाई म्हणाल्या, हे नको. कारण समजून घ्या. गजकर्णावर असं मलम लावलं की लाली दबते, पण बुरशी आतून पसरत राहते, आणि तोंडावर महिनोन्महिने चोळलं तर कातडी पातळ होते. 2018 साली भारत सरकारने स्टिरॉइडची कितीतरी मलमं चिठ्ठीशिवाय न विकायच्या यादीत घातली, ती ह्याचसाठी.

पण स्टिरॉइड म्हणजे विष, असंही नाही हं. जपानमध्ये त्याचे ताकदीप्रमाणे पाच वर्ग आहेत. कुठल्या जागी कुठला आणि किती दिवस, हे डॉक्टर ठरवतात. मलाही त्यातलंच एक मिळालं. माप सोपं आहे. 5 मिलिमीटर तोंडाच्या ट्यूबमधून तर्जनीच्या शेवटच्या पेराएवढं मलम काढलं की सुमारे अर्धा ग्रॅम होतं, आणि ते दोन तळहातांएवढ्या जागेला पुरतं. चिठ्ठी लिहिल्या दिवसापासून चारच दिवस चालते, म्हणून आम्ही लगेच औषधाच्या दुकानात गेलो. तिथे त्यांनी माझ्या औषधांच्या वहीत नोंद केली. दर वेळी ही वही दाखवायची. आपल्याकडेही प्रत्येकीने अशी एक ठेवावी.

बाकीचा उपचार घरातच होता. कडक पाणी नको, कोमट घ्या. हात धुतले की लगेच ओलावा टिकवणारं क्रीम लावा. भांड्यांना रबरी मोजे, आणि त्यांच्या आत सुती मोजे. कांदा, लसूण, टोमॅटो, मिरची चिरताना उघडे हात नकोत. काम करताना अंगठी काढून ठेवा, तिच्याखाली साबण अडकून राहतो.

आता रात्रीची भांडी हे घासतात. कढई तेवढी ‘भिजू दे’ म्हणून सोडतात, पण मी बोलत नाही! महिन्याभरात भेगा भरल्या. थंडी पडली की त्वचा पुन्हा कुरकुरते, म्हणून क्रीम मात्र सुटलेलं नाही.

सासूबाईंना फोनवर सांगितलं, तर म्हणाल्या, “आमच्या वेळी नव्हतं हो असलं काही.” मग जरा थांबून म्हणाल्या, “म्हणजे भेगा होत्या. मी कोकमतेल भरायची त्यात.” चाळीस वर्षं त्या बोटांत कोकमतेल भरत आल्या, आणि दिवसातून किती वेळा हात पाण्यात जातात, हे त्यांना कुणी विचारलं नाही.

तेव्हा मैत्रिणींनो, बोटं चिरत असतील तर डॉक्टरांना दाखवाच. आणि एक दिवस मोजून बघा. आकडा मात्र मनात ठेवू नका, रात्री जेवताना सगळ्यांसमोर मोठ्याने सांगा.