आठ सेकंद

मध्यमवर्गीय घरात एखादा धंदा प्रतिष्ठित आहे की नाही, हे त्यातल्या मिळकतीवरून ठरत नाही. तो पाहुण्यांना एका दमात सांगता येतो की नाही, यावरून ठरते. 'मुलगा बँकेत आहे', 'सून डॉक्टर आहे', 'जावई अमेरिकेत आहेत' एवढे म्हटले की पाहुणा समाधानाने मान डोलावतो आणि चिवड्याकडे वळतो. पण ज्या धंद्याचे नाव ऐकल्यावर 'म्हणजे नेमके काय?' असा प्रश्न येतो, तो धंदा आपल्याकडे निम्मा बुडालाच म्हणून समजावे.

आमचा भाचा व्हिडिओ डीजे आहे. हे वाक्य माझ्या धाकट्या बहिणीने आजवर एकदाही पुरे केलेले नाही. 'तो कॉम्प्युटरमध्ये आहे' एवढ्यावर ती थांबते, आणि ते अगदीच खोटे आहे असेही नाही. कारण दिवसा तो एका कंपनीत कॉम्प्युटरपुढेच बसतो. शुक्रवार-शनिवारच्या रात्री मात्र ठाण्यातल्या एका बारमध्ये तो लोकांना गाणी ऐकवतो आणि त्याच वेळी भिंतीवरच्या पडद्यांवर ती दाखवतोही. महाराष्ट्रात 'डीजे' म्हटले की डोळ्यांपुढे माणूस येतच नाही. येते ती ट्रकवर रचलेली कर्ण्यांची भिंत. ती रस्त्याने गेली की घरातली भांडी मांडणीवर थरथरतात! त्यात आणखी हे सारे बारमध्ये. म्हणजे एकाच वाक्यात अडचणी दोन. आमचे मेहुणे तर हा विषय निघाला की वर्तमानपत्र अंमळ वर धरतात.

तरीही गोष्टी सुखाने चालल्या असत्या. पण दिवाळीनंतर नोकरी सोडून हेच काम पूर्णवेळ करण्याचा विचार त्याने घरात बोलून दाखवला, आणि बहिणीचा मला फोन आला.

"दादा, तू एकदा जाऊन बघून ये. मला तिथे जाववत नाही, आणि हे जाणार नाहीत. तो करतो काय, ते मला नीट सांग. चांगले असेल तर चांगले म्हण, वाईट असेल तर वाईट."

अशा रीतीने आयुष्यात पहिल्यांदाच कोणी मला बारमध्ये जाण्याची गळ घातली, आणि तीही सख्ख्या बहिणीने!

संध्याकाळी पाच वाजताचा बार ही पाहण्यासारखी जागा आहे. खुर्च्या टेबलांवर उलट्या घातलेल्या, फिनेलचा वास, एक पोऱ्या काकड्या चिरतो आहे, दुसरा फरशी पुसतो आहे. मांडव पडला आहे पण वऱ्हाड यायचे आहे, अशी ती वेळ. भाचा एका कोपऱ्यात पाठीवरची पिशवी उतरवून बसला होता. पिशवीतून निघाला एक लॅपटॉप, दोन गोल तबकड्या असलेला एक कंट्रोलर, आवाजासाठी एक छोटी पेटी आणि सापाच्या वेटोळ्यांसारख्या पुष्कळशा तारा.

"मामा, आधी याला गप्प बसवतो," असे म्हणून त्याने लॅपटॉप उघडला. वायफाय बंद केले. यंत्राने मधेच स्वतःला अद्ययावत करायचे नाही, झोपी जायचे नाही, पडदा काळा करायचा नाही, आलेले निरोप दाखवायचे नाहीत, अशी एकेक तंबी तो देत गेला.

"एवढे कशाला रे?"

"अहो, एका ठिकाणी ऐन गर्दीत नायिका नाचत असताना तिच्या डोक्यावर एका पोराच्या आईचा निरोप उमटला होता. येताना दूध घेऊन ये म्हणून."

मग त्याने बारकडे जाणारे चित्र आणि स्वतःपुढचे चित्र वेगळे केले. हे मला फार आवडले. पंगतीला बसलेल्यांना ताट तेवढे दिसावे, स्वयंपाकघरातला पसारा दिसू नये, त्यातलाच हा प्रकार. पुढचे गाणे कोणते, ते किती उरले आहे, सुरू कुठून करायचे, हे सारे याच्यापुढे. लोकांपुढे फक्त चालू असलेले गाणे.

गाणे ऐकायचे की बघायचे, या प्रश्नाचा निकाल अमेरिकेत १ ऑगस्ट १९८१ रोजी एमटीव्ही सुरू झाली तेव्हा लागला म्हणतात. आपल्याकडे तो १९३१ साली 'आलम आरा'नेच लावून टाकला होता! पण बघण्याच्या गाण्याचे ओझे किती असते, ते मला त्या दिवशी कळले. चार मिनिटांचे उत्तम प्रतीचे नुसते गाणे सुमारे १० मेगाबाइट भरते. तेच गाणे स्वच्छ चित्रासह ३०० पर्यंत जाते. पाचशे गाण्यांचे दीडशे गिगाबाइट झाले. शिवाय एक गाणे संपून दुसरे मिसळत असताना दोन्ही चित्रे एकदम उलगडावी लागतात. म्हणजे जिथे चूक सर्वांत जास्त दिसणार, नेमक्या तिथेच यंत्राच्या पाठीवर दुप्पट बोजा. म्हणून साठवण जलद हवी आणि तिची एक प्रत दुसऱ्या डबीत हवी. ही गाणी तो विकत घेतो. डीजे लोकांसाठी वर्गणीवर ती पुरवणारी दुकाने आहेत. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याखाली सार्वजनिक जागी वाजवण्यासाठी लागणारा परवाना बारच्या मालकाने काढला आहे की नाही, हेही त्याने काम धरण्याआधी विचारून घेतले होते. मेहुण्यांना सांगण्यासारखी एक गोष्ट मी मनात टिपून ठेवली.

मग तारांची पाळी आली. तो लॅपटॉप वीजजोडणीला लावून कर्ण्यांतून येणारी बारीक गुणगुण ऐकत बसला. निरनिराळ्या ठिकाणी जमिनीला जोडलेली यंत्रे एकमेकांना जोडली की अशी गुणगुण येते म्हणे. पुष्कळ लोक अशा वेळी चार्जरची जमिनीची पिनच काढून टाकतात. "गुणगुण जाते, पण एखाद दिवशी माणूसही जातो," भाचा म्हणाला. त्याने सारी यंत्रे एकाच जोडणीवर घेतली, आवाजाच्या तारेत मधे एक छोटा ट्रान्सफॉर्मर घातला, आणि गुणगुण थांबली.

त्यानंतर त्याने पडद्यावर एक टाळी वाजवणारा माणूस आणला आणि स्वतः हॉलच्या मधोमध जाऊन उभा राहिला. टाळीचा आवाज आधी, हात मागाहून! आजकालचे टीव्ही चित्र नटवण्यात वेळ घालवतात, तेवढा आवाज पुढे निघून जातो. आधी वीज दिसते आणि मग गडगडाट होतो, या क्रमाची माणसाला सवय आहे. आवाज थोडा मागे राहिला तर तो खपवून घेतो, पुढे गेला तर चटकन खटकतो. भाच्याने प्रत्येक टीव्हीतली ती नटवानटवी बंद केली. टाळी आणि आवाज एकत्र आले.

शेवटी उरली प्रोजेक्टरची तार. मोठ्या पडद्याच्या प्रोजेक्टरपर्यंत छतातून जाणारी वीसेक मीटरची एचडीएमआय तार बांधकामाच्या वेळी कोणीतरी टाकून ठेवली होती. एवढ्या लांबीवर साध्या तांब्याच्या तारेचा भरवसा नसतो. चित्र येत होते, तरी भाच्याने दोन डब्या आणि नेटवर्कची एक तार काढून दुसरी वाट तयार केली, ती भिंतीच्या कडेने चिकटपट्टीने दाबली आणि प्रोजेक्टरचा रिमोट मॅनेजरकडून मागून घेऊन शर्टाच्या खिशात घातला.

"लागणार नाही बहुधा," तो म्हणाला, "पण टाकून ठेवतो."

हे वाक्य मी पूर्वी ऐकले होते.

आमचे वडील गिरणगावातल्या एका चित्रपटगृहात ऑपरेटर होते. शाळेत 'वडील काय करतात' असे विचारले की मी 'सिनेमात आहेत' म्हणून सांगत असे, आणि दोन-तीन दिवस वर्गात माझा मोठा रुबाब राही. प्रत्यक्षात ते एका तापलेल्या खोलीत दोन यंत्रांमध्ये उभे असत. दोन हजार फुटांचे रीळ बावीस मिनिटे चाले; तीन तासांच्या चित्रपटाची अशी आठ-नऊ रिळे. एका यंत्रावरचे रीळ संपत आले की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर एक ठिपका क्षणभर चमके. तो दिसला की दुसऱ्या यंत्राची मोटर सुरू करायची. सातएक सेकंदांनी दुसरा ठिपका, आणि त्यासरशी चित्र या यंत्रावरून त्या यंत्रावर. सारे मिळून आठ सेकंद. ते साधले तर हजार माणसांतल्या एकालाही पत्ता लागत नसे. चुकले तर हजारही माणसे शिट्ट्या मारीत मागे वळून त्या भोकाकडे बघत. दिव्यातल्या कार्बनच्या कांड्या जळतील तशा पुढे सरकवाव्या लागत, म्हणून एक हात सदा यंत्रावर. आई त्यांना डब्यात भाजी-आमटी कधीच देत नसे. गूळ-तूप लावून घट्ट गुंडाळलेल्या पोळ्या देई. आणि तो डबा पोचवायला, शाळा सुटल्यावर, आम्ही दोघे भावंडे जात असू.

भाच्याने हे काहीच पाहिलेले नाही. तो जन्मला त्याच्या आधीच वडील गेले, आणि ती यंत्रे आता भंगारात गेली. पण रात्री नऊनंतर बार भरला, आणि मी कोपऱ्यातून त्याच्याकडे पाहू लागलो. एका कानाला हेडफोन, एक डोळा लॅपटॉपवर, एक गर्दीवर. डावीकडचे गाणे संपत आलेले, उजवीकडचे तयार. दोघांचा ठेका जुळवायचा आणि सोळा मात्रांत इकडचे चित्र विरवून तिकडचे आणायचे. मी मनात हिशेब केला. मिनिटाला १२० मात्रांचे गाणे असले, तर सोळा मात्रांना लागतात बरोबर आठ सेकंद.

साडेदहाच्या सुमारास मोठा पडदा एकाएकी काळा झाला. छतातल्या तारेने मान टाकली होती. माझ्या छातीत धस्स झाले; शिट्टी आता येईल म्हणून मी वाट पाहू लागलो. पण आवाज चालूच होता, कारण आवाजाची आणि चित्राची वाट त्याने मुळातच वेगळी ठेवली होती. भाच्याने चालू गाण्यावरची नजर न काढता एका हाताने खिशातला रिमोट काढला आणि प्रोजेक्टर दुसऱ्या वाटेवर घेतला. पंधरा-वीस सेकंद गेले असतील. पडदा उजळला. शेजारच्या टेबलावरचा एक गृहस्थ 'काय झाले?' म्हणून वर बघेपर्यंत विचारण्यासारखे काही उरलेच नव्हते.

सकाळी आठ वाजता बहिणीचा फोन. मी तिला सगळे सांगितले. चांगले ते चांगले आणि वाईट ते वाईट. तो पीत नाही. पिऊन ते काम होण्यासारखेच नाही. पैसे बरे मिळतात, पण महिन्याचे ठरलेले नाहीत. रात्रीचे दिवस होतात. आवाज फार. ८५ डेसिबलचा आवाज आठ तास सोसावा असे आरोग्याचे जाणकार सांगतात, आणि पुढे दर ३ डेसिबलला ती वेळ निम्मी होते. म्हणजे १००ला जेमतेम पाव तास. करमणुकीच्या जागांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली सरासरी १००चीच मर्यादा घालून दिली आहे. तो कानांत बोळे घालतो हे खरे, पण दर वर्षी कान तपासून घेण्याची अट तू घालच, असेही मी सांगितले. डोळ्यांवर मारा करणारे लखलखाट मात्र तो सेकंदाला तिनापेक्षा जास्त होऊ देत नाही, कारण त्याने काहींना फेफरे येऊ शकते.

"ते सगळे असू दे," ती म्हणाली. "पण तो करतो काय?"

"बाबा करायचे तेच," मी म्हणालो. "फक्त दिवा कार्बनचा नाही."

फोनवर बराच वेळ कोणी बोलले नाही. मागून मेहुण्यांचा 'काय म्हणतोय?' असा आवाज आला. तिने उत्तर दिले नाही. मग एकदम विचारले, "मग तो जेवतो कधी?"

"जमेल तसे. एका हाताने."

नोकरीचा निकाल अजून लागायचा आहे. सहा महिन्यांची शिल्लक बाजूला पडल्याखेरीज राजीनामा द्यायचा नाही, एवढ्यावर तूर्त तह झाला आहे, आणि मला तो शहाणपणाचा वाटतो. पण पुढच्या शनिवारी रात्री आठच्या सुमारास भाच्याचा फोन आला. मागे खुर्च्या सरकवल्याचे आवाज येत होते.

"मामा, आज आईने डबा दिला! आजवर कधी विचारले नव्हते. पण आत भाजी नाही, काही नाही. नुसत्या गूळ-तूप लावून गुंडाळलेल्या पोळ्या आहेत. असा कसला हा डबा?"

"बरोबर आहे डबा," मी म्हटले. "तू खा."