‘येतो’ म्हणून गेलेले

माळमड्डीतील आमचे शेजारी गुरुजी मागील महिन्यात धारवाड सोडून पुण्यास, मुलाकडे, कायमचे राहावयास गेले. सातारा जिल्ह्यातून १९८१ साली मराठी शाळेतील नोकरीसाठी हे गृहस्थ येथे आले, तेव्हा दोन वर्षांत परतावयाचे असा त्यांचा बेत होता. त्या दोन वर्षांची चार दशके कधी उलटून गेली, हे त्यांनाही सांगता आले नसते.

शिक्षकांचे असे येणेजाणे या गावाला नवे नाही. १९५६ पर्यंत हा मुलुख मुंबई राज्यात होता. तिकडचे मास्तर इकडे आणि इकडचे तिकडे हा प्रघातच होता. द. रा. बेंद्रे यांची मातृभाषा मराठी, आणि ते झाले कन्नडचे वरकवी! १९४४ ते १९५६ अशी बारा वर्षे त्यांनी सोलापूरच्या डी. ए. व्ही. महाविद्यालयात कन्नड शिकविले आणि पुन्हा साधनकेरीच्या आपल्या घरी ते परतले. उलटपक्षी जी. ए. कुलकर्णी येथील जनता शिक्षण समितीच्या महाविद्यालयात इंग्रजी शिकवीत आणि कथा मराठीत लिहीत. अखेरच्या काळात तेही पुण्यास गेले. ११ डिसेंबर १९८७ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. गुरुजी येथे नवखे असताना एकदा जी. एं.ची भेट घ्यावी म्हणून निघाले होते, ते फाटकापर्यंत जाऊन माघारी आले. “अहो, आत जाऊन बोलणार काय होतो?” असे ते आम्हांस पुढे अनेकदा सांगत. फाटकापाशी जाऊन परतणे हा त्यांचा स्वभावच होता. आमचाही आहे.

जाण्याच्या आठवड्यात त्यांच्या घरी माणसांची रीघ लागली होती. समोरच्या कन्नड भगिनींनी वहिनींना बोलावून त्यांची ‘उडी’ भरली. आपण जिला ओटी म्हणतो तीच ही. खण, नारळ, तांदूळ, सारे तेच. वहिनी या गावात आल्या तेव्हा त्यांना कन्नडचा गंधही नव्हता. आज बाजारात त्यांच्याशी घासाघीस करण्यास भाजीवाल्या कचरतात. मराठी बोलतानाही ‘या री, बसा री’ असे त्यांच्या तोंडून सहज जाते. “पुण्याची सून हसते मला,” असे त्याच हसत सांगत होत्या, परंतु डबे बांधता बांधता मध्येच म्हणाल्या, “तिथे भांडायला तरी कन्नड कोणाशी बोलू?” यावर आमच्या सौ.ला उत्तर सुचले नाही. तिने शेंगदाण्याच्या चटणीचा डबा पुढे केला.

आता जी गोष्ट लिहावी की नाही याचा आम्ही चार दिवस विचार केला, ती लिहितो. १९९८ साली गुरुजींनी आपल्या मुलाचे नाव इंग्रजी शाळेत घातले. आम्ही तेव्हा तिशीत होतो, नोकरीत नवे होतो, आणि मराठीच्या कैवाराचे वारे आमच्या अंगात संचारले होते. “मराठी शाळेवर पोट भरता आणि आपला मुलगा मात्र दुसरीकडे धाडता!” असे आम्ही त्यांना चार माणसांत बोललो. ते काही बोलले नाहीत. वर्षभर दोन्ही घरांत केवळ स्त्रियांचे बोलणे राहिले. पुढे २००४ मध्ये आमच्या मुलीच्या शाळेची वेळ आली, तेव्हा आम्हीही निमूटपणे त्याच वाटेने गेलो. गुरुजींनी त्याचा उच्चार कधी केला नाही. वास्तविक त्यांनी तो करावयास हवा होता, म्हणजे आमची सुटका तरी झाली असती!

आदल्या रात्री आम्ही हे बोलावे म्हणूनच त्यांच्याकडे गेलो. खोली रिकामी झाली होती. पुस्तकांची दोन कपाटे तेवढी उभी होती. “पुण्याच्या घरात जागा नाही. तुम्ही ठेवून घ्या. तुमच्या शाळेतील पोरे वाचतील,” ते म्हणाले. पोरे वाचतील की नाही हे आम्हां दोघांनाही ठाऊक होते. आम्ही ‘गुरुजी, त्या वेळी...’ एवढेच म्हणालो, तोच त्यांनी “पेढे घ्या,” म्हणून लाईन बझारहून आणलेला पुडा पुढे केला. फाटकापाशी आम्ही परतलो ते असे.

हुबळी-पुणे वंदे भारत गाडी सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाली, तेव्हापासून पहाटे धारवाडला बसलेला मनुष्य दुपारी पुण्यात असतो. अंतर कमी झाले म्हणावे, तर जाणेही तितकेच सोपे झाले. स्टेशनवर आठ-दहा माणसे होती. आपण निघताना ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. कन्नडमध्येही ‘होगि बर्तेव्री’, म्हणजे जाऊन येतो, असेच म्हणतात. वहिनी दारात उभ्या राहून प्रत्येकाला ज्याच्या त्याच्या भाषेत ते सांगत होत्या. गुरुजी मात्र आम्हांस एवढेच म्हणाले, “हेडमास्तर, कपाटाला वाळवी लागते. पावसाळ्याआधी बघा.”

परवा रविवारी आम्ही ती पुस्तके उतरवून पुसली. खालच्या खणात एक वही सापडली. कोणी कोणते पुस्तक नेले, केव्हा परत केले, याची नोंद; अक्षर फळ्यावरच्यासारखे सुबक. आमचे नाव अनेकदा होते. १९९८ च्या जूनमधील नोंदीपुढे परतीचा रकाना तेवढा कोरा होता. पुस्तकाचे नाव वाचले, आणि आमच्या खोलीत जाऊन वरच्या फळीवर हात घातला. ते तेथेच होते. आम्ही ते पुसले, त्यांच्या कपाटात नेऊन ठेवले आणि रकान्यात त्या दिवसाची तारीख घातली.